साडूभाऊंची सोनेरी चकती

माझे साडू मनोहरराव पेढासुद्धा चिमट्याने उचलतात. साखरपुडा असो, बारसं असो, खिशातून स्टीलचा चिमटा निघतोच. आपण त्यांच्या ताटाकडे हात नेला की ओरडतात, "बोट नाई! बोट लय जड असते."

ते वर्ध्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत. नाण्याएवढी क्वार्ट्झची चकती, तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्यावर ते हाडातल्या खनिजाचा थर चढवतात. द्रावणाचा थेंब सोडायचा, चकती गरगर फिरवायची, मग भट्टीत तापवायची. त्या थराला रक्तातलं काय आणि किती चिकटतं, ते चकतीच्या थरथरण्यावरून कळतं. पुढेमागे धातूचा सांधा हाडात घट्ट बसावा म्हणून हा खटाटोप. थर इतका पातळ, की बोटाचा ठसा त्याहून जड भरावा.

मी आर्वीच्या कापूस बाजारात वजनकाट्यावर आहे. गाड्याच्या गाड्या तोलतो, किलोची चूक खपवत नाही. पण देवळीला सासुरवाडीत कौतुक कोणाचं? न दिसणारं तोलणाऱ्याचं. बायकोही म्हणते, "भाऊजींसारखं बारीक काम पाहिजे." मला जळजळ होते. पित्ताची नव्हे.

दोन हजार सालाच्या आसपास सासूबाई पडल्या. खुब्यात धातूचा सांधा बसवला. आमचं घर तळमजल्यावर, संडास खोलीला लागून. मनोहररावांकडे अरुंद जिना, तोही वळणाचा. म्हणजे त्या आमच्याकडेच येणार, हा सरळ हिशोब होता. त्या गेल्या मनोहररावांकडे. का, तर "जावईबापू हाडावरच काम करून राह्यले ना!"

महिन्याभराने मी ऑटो घेऊन त्यांना आणायला गेलो. मनोहरराव आत स्वयंपाकघरात होते. मी संधी साधली.

"आई, त्यायच्या थराचा तुमच्या सांध्याशी काई संबंध नाई. सारं अजून चकतीवरच हाये."

"मालूम हाये मले. त्यायनंच सांगतलं, पहिल्याच दिवशी."

"मंग इथं काऊन राह्यता?"

तेवढ्यात आतून मनोहररावांचा आवाज आला, "आई, भाकर कुस्करून देऊ का?" उत्तराआधीच पुन्हा, "आई?" मग उगाचच, "आई, खिडकीतून ऊन लागून राह्यलं का?"

"नाई लागत, बापू," सासूबाईंनी ओरडून सांगितलं. मग मला हळूच म्हणाल्या, "त्यायची माय ते पाळण्यात असतानीच गेली. दिवसभर हाका मारतेत. मी निस्ती ओ देतो."

मी खाली जाऊन ऑटो परत पाठवला. जिना चढताना आणखी दोन हाका ऐकू आल्या. दोन्हींना ओ मिळाली.