आर्वीतला समुद्र

आर्वीहून रत्नागिरीचा समुद्र गाठायचा तर पुलगावपर्यंत एसटी, मुंबईपर्यंत आगगाडी आणि पुढे पुन्हा एसटी. निस्ताने सर दर दिवाळीच्या सुट्टीत हा खटाटोप करत आणि येताना डबाभर स्पंज आणत. भांडी घासायचा नव्हे, समुद्रातल्या खडकाला चिकटून जगणारा प्राणी. एकदा वासापायी कंडक्टरने डब्यासकट त्यांनाच टपावर बसवलं. सरांना त्यात अपमान वाटला नाही. "हवा चांगली होती," म्हणाले.

आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. आमच्या प्रयोगशाळांमधल्या भिंतीला स्पंजांचा वास जुमानत नसे. मी प्राचार्यांकडे दोनदा तक्रार केली होती, लपवत कशाला.

स्पंजाला पळता येत नाही, चावता येत नाही, तरी त्याला सहसा कोणी खात नाही. म्हणजे त्याच्या अंगात काहीतरी जहाल असणार. त्या जहालाने अन्ननलिकेचा कर्करोग मरतो का, एवढाच सरांचा ध्यास. आमच्या भागात तंबाखू खाऊन घास अडकलेली माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. स्पिरिटमध्ये स्पंज भिजवून ते अर्क काढत आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेला पार्सलने पाठवत.

ऐंशीच्या सुमारास तिकडून पत्र आलं. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी अर्काने मेल्या होत्या. खालच्या ओळीत होतं, निरोगी पेशीही मेल्या. सरांनी पेढे वाटले ते पहिल्या ओळीवर. दुसरी त्यांनी घरी जाऊन वाचली.

पेढ्यांमुळे बातमी गावोगाव गेली. माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन येऊ लागली. सर सगळ्यांना एकच ऐकवत, "हे औषध नोहे बापा. हा अजून सवाल हाय." एक जण बायकोसाठी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला. सरांनी त्याला नागपूरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली, पण अर्काचा थेंब दिला नाही. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

"चांगलंबी मरते ना त्यानं," सर म्हणाले. "थे कोनाच्या पोटात कसं घालू?"

मग वडनेरहून त्यांची मोठी बहीण आली. आई गेल्यावर तिनेच सरांना वाढवलं होतं. ते तिला बाई म्हणत. तिला आधी भाकर उतरेना, मग भात. नागपुरात दुर्बीण घालून पाहिलं. उशीर झाला होता. आता चमच्याने मुगाचं पाणी तेवढं जाई.

एका दुपारी मी तिला बघायला गेलो तर सर खाटेजवळ बसलेले, एका हातात चमचा, दुसऱ्यात अर्काची बाटली. मी दारातच थांबलो.

"थेच काय हे?" बाईने विचारलं.

"हो."

"त्या मानसाच्या बायकोले नाई देल्लं म्हने तू. मंग मले काऊन देऊन राह्यला?"

"तू माही बाई हायेस."

"तिचंबी कोनी होतंच ना, रामा. ठेवून दे थे. पानी दे मुगाचं."

सरांनी चमचा पुसला आणि मुगाच्या पाण्याची वाटी पुढे ओढली. मी आत न जाता परत फिरलो. त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणालो होतो, त्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्काच्या सगळ्या बाटल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "सर, ह्या तुमच्या कपाटात ठेवजा. कुलूप लावून. मी मांगलं तरी चाबी देजा नोको."

"किती दिवस?"

"बाई हाय तवरीक."

बाई आणखी तीन आठवडे होती. त्यात किल्ली त्यांनी एकदाच मागितली. मी दिली नाही. ते माझ्या खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. घंटा झाली तेव्हा तोंड धुऊन वर्गावर गेले.