उमेदवाराच्या डोक्यातला ब्रश

लांब केस बांधायला रबर लागतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी पाट्या रंगवणारा माणूस. म्हणजे होतो. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण हातातली कला कुठे जाते! त्या सकाळी बायकोचं शेवटचं रबर तटकन तुटलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बस खुर्चीवर. रबराशिवाय अस्सा अंबाडा घालतो की बघत राहशील!"

तिचा डावा हात प्लास्टरमध्ये, केस कमरेखाली आणि थोड्या वेळात शाळेत मुलाखत. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांच्या रजेच्या जागी शिकवत आली होती. आज कायमची नोकरी मिळाली, तर घरात नेमाने पगार येणार होता. माझ्याकडून कुणाला आशा उरली नव्हती, मलासुद्धा.

आधी केसांचीच गाठ मारली. पीळ दिला, गोल फिरवलं, टोक आत खोचलं. ती चप्पल घालायला वाकली आणि सगळं घरंगळलं! मग रुमाल घेतला.

"अहो, याला टर्पेंटाइनचा वास येतोय!"

"अगं, आपल्या घरात कुठल्या रुमालाला येत नाही?"

तिने रुमाल ओढून फेकला. आतून आई ओरडली, "काडी खोच की मेल्या! आम्ही काय रबरं घेऊन जन्मलो होतो?"

काडी कुठली शोधू! खिशातला लांब दांड्याचा, स्वच्छ धुतलेला ब्रश काढला. पिळात आडवा घातला, उलटा फिरवला, खाली खुपसला. तिने मान हलवून बघितली. जागचा हलेना!

"जमलं की हो तुम्हाला काहीतरी," ती म्हणाली आणि हसली. ती हसली की मला धास्तीच वाटते. आमच्याकडे हसू टिकत नाही.

शाळेत ती आत गेली, मी व्हरांड्यातल्या बाकावर. शिपायाने नाक वर करून वास घेतला. "रंगारी ना तुम्ही? कधीपासून वाट बघतोय!"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं. किती दिवसांनी कुणी मला रंगारी म्हणालं होतं!

लगेच हेडक्लार्क आले. "दारावर चार अक्षरं काढून दाखवा. पसंत पडली तर सगळ्या पाट्या तुमच्या, नाहीतर दुसरा माणूस येतोच आहे. रंग आहे, आमचा ब्रश मात्र दगड झालाय."

"माझा आहे ना!"

"कुठाय?"

"आत. उमेदवाराच्या डोक्यात."

"काय?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं. आता कळतंय ते.

दार नुसतंच लोटलेलं होतं आणि तिची पाठ माझ्याकडे. मी मांजराच्या पावलांनी शिरलो. मुख्याध्यापक विचारत होते, "वर्गात शिस्त कशी ठेवाल?"

"सर, शिस्तीची सुरुवात घरापासून..." ती म्हणाली आणि मी ब्रश ओढला!

केस भसकन सुटले, निम्मे तोंडावर, निम्मे पाठीवर! ती दचकून उठली, केस खुर्चीच्या स्क्रूत अडकले, खुर्ची तिच्यामागे उठली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास थेट मुख्याध्यापकांच्या कागदांवर!

"हा कोण माणूस?" ते गरजले.

"रंगारी आहे, साहेब!" दारातून शिपाई.

"तुमच्या ओळखीचा आहे का, बाई?"

तिने केसांआडून माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाली.

बाहेर येऊन मी अक्षरं काढली. हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "वा! काम तुमचं!" घरी परतताना ती एका हाताने केस धरून माझ्या पुढे चालत होती. आईने तर दोन दिवस मला 'मेल्या' म्हणूनसुद्धा हाक मारली नाही.

काल शाळेतलं पहिलं काम झालं. शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर, सगळ्यांच्या खाली, त्या जागेवर कायम झालेल्या दुसऱ्याच बाईंचं नाव लिहायचं होतं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं देखणं अक्षर माझं कधी आलं नव्हतं!

घरी आल्यावर हिने एवढंच विचारलं, "कुणाचं नाव होतं हो?"

मी म्हणालो, "वाचायचं राहिलं."