वाढतं माप

त्या पंधरा जर्स्यांपासून मास्तरांना काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे मागाहून त्यांच्या नावाने बोटं मोडायला कुणाला जागा राहणार नाही. नाव होणार होतं, पण नावाची त्यांना हाव नव्हती. गल्लीतली अर्धी पोरं त्यांनी शिवलेला गणवेश घालून मोठी झाली होती, शिंप्याचं याहून मोठं नाव ते काय व्हायचं? त्यांना हवं होतं एवढंच, की आपल्या हातचा कपडा मुलाने अंगात घालावा आणि बाप चुकला हे बापाने तोंड न उघडता त्याला कळावं. माफी मागायची नाही, शिवून द्यायची. एवढी सवलत शिंप्याला असायला हरकत नव्हती.

मुलाला घरात ‘काडी’ म्हणत. नावाप्रमाणेच होता. मशीनवर बसवला की याचे डोळे खिडकीबाहेर. मग एक दिवस कळलं, की पोरगा रग्बी खेळतो. रग्बी म्हणजे काय, हे शेजारच्या न्हाव्याने मास्तरांना समजावून सांगितलं होतं.

“लांबट चेंडू असतो. तो कवटाळून पळायचं. बाकीच्यांनी त्याला आडवा पाडायचा आणि वर पडायचं.”

“मग हा चेंडू टाकून का देत नाही?”

“तेच मलाही कळत नाही.”

मास्तर घरी आले ते कढत्या पाण्यासारखे. “अंगावर मूठभर मांस नाही आणि राक्षसांशी कुस्ती खेळतोस? उंबऱ्याबाहेर गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस!” हे वाक्य बापलोक बोलतात ते मुलाने ऐकू नये म्हणून. पण काडी हट्टात बापावर गेला होता. त्याने ऐकलं. निघून गेला आणि खरंच तोंड दाखवलं नाही. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव काढायला बंदी झाली. बंदी घालणारा माणूस दुकानात एकटा असला, की कपाटातला एक जुना, पोरगेला शर्ट काढून त्याची बटणं घट्ट आहेत का ते बघत बसे, ही गोष्ट वेगळी.

वर्षं गेली. आणि देशोदेशीच्या रग्बी संघांची मोठी स्पर्धा नेमकी याच शहरात भरली. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून वर्तमानपत्रातली बातमी पलीकडे ओरडून वाचली.

“मास्तर! आपल्या देशाच्या संघात काडी आहे हो! पहिल्यांदाच निवडलाय. एक नंबरची जर्सी!”

“कोण काडी?” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शर्टाला बाही उलटी लावली.

दुसऱ्याच दिवशी संघाचा मॅनेजर धापा टाकत दुकानात शिरला. जर्स्यांची पेटी विमानातून भलत्याच देशात उतरली होती आणि सामना तोंडावर आला होता. त्या रंगाचं ताणाचं कापड गावात फक्त मास्तरांकडे होतं. शाळेच्या खेळाच्या गणवेशाचाही तोच रंग. मॅनेजरने सरावाच्या जुन्या बनियनांचा दोरीने बांधलेला गठ्ठा टेबलावर आपटला.

“हे मापाला. एक ते पंधरा नंबर टाका. आणि मास्तर, नंबरात घोळ नको हं.”

“साहेब,” मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुमचा जन्म नव्हता तेव्हापासून मी नंबर टाकतोय.”

एक नंबरचा खेळाडू आपला मुलगा आहे, हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं नाही. अबोला धरला की तो नीट पाळावा, अशा मताचे ते होते. बायकोलाही सांगितलं नाही. सांगायचं तर ज्या नावाला बंदी ते नाव काढावं लागलं असतं आणि बंदी मोडल्याचा पहिला मान बायकोने त्यांनाच दिला असता.

मॅनेजर गेला. मास्तरांनी दोरी सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. गठ्ठ्यात वर भलामोठा बनियन, त्याखाली आणखी दोन तसलेच, मध्येच एक चिमुकला, मग पुन्हा मोठा. “काय गबाळा माणूस आहे,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी सगळे बनियन लहानापासून मोठ्यापर्यंत शहाण्यासारखे लावून घेतले. शाळेत असंच असतं. सर्वांत बुटका मुलगा रांगेत पुढे, त्याला एक नंबर. सर्वांत उंच तो शेवटी. आयुष्यभर त्यांनी असेच नंबर शिवले होते. गठ्ठा मॅनेजरने नंबरांच्या क्रमानेच बांधला होता आणि रग्बीत एक नंबर म्हणजे पुढच्या फळीतला, हत्तीसारखा रेटा देणारा गडी असतो, हे त्यांना कोण सांगणार? आणि सगळ्यांत लहान बनियन एक नंबरचा निघाल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. काडीच तो! बाहेर राहून पोराच्या पोटात धड अन्नही गेलेलं दिसत नाही, असं म्हणत त्यांनी तो बनियन बाजूला काढून ठेवला.

बाकीच्या चौदा जर्स्या त्यांनी मशीनवर केल्या, एक नंबरची हाताने. लहानपणी काडीला गळ्याशी शिवण टोचायची. नवा कपडा घातला की रडून गोंधळ घालायचा. मास्तर त्याच्या गळ्याला आतून मऊ सुताची पट्टी लावून द्यायचे. तशीच पट्टी लावली. मग नेहमीच्या रीतीप्रमाणे जर्स्यांना वाढतं माप ठेवलं. आज शिवलेलं उद्या अंगाला तंग झालं तर लोक शिंप्याला नावं ठेवतात. फक्त एक नंबरला त्यांनी वाढतं माप ठेवलं नाही. का ठेवलं नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हात तिथे थांबला, एवढंच.

सामन्याच्या दिवशी बायकोला “बटणं आणायला जातो,” म्हणून ते गठ्ठा घेऊन मैदानावर गेले. शिंप्याने शिवणाची पेटी बरोबर घेतल्याशिवाय घर सोडायचं नसतं, म्हणून तीही काखेत होती. मॅनेजरने गठ्ठा हिसकावला आणि कपडे बदलायच्या खोलीचं दार आपटलं. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडेल, काडी बाहेर येईल, गळ्याशी बोट फिरवेल, इकडे बघेल. मग काय बोलायचं, याची त्यांनी मनात तालीम केली. ‘बसली का नीट?’ एवढंच बोलायचं ठरलं.

आतून आधी गलका ऐकू आला. मग हशा. मग शिव्या. आणि मग टर्रकन आवाज आला. तो आवाज शिंप्याला झोपेतही ओळखता येतो. मास्तर उठून उभे राहिले. दार उघडलं आणि मॅनेजरचा पांढराफटक चेहरा बाहेर आला.

“मास्तर! काय करून ठेवलंत हो हे! आत या!”

आत जत्रेतल्या आरशांसमोर असावी तशी माणसं उभी होती. एका दांडग्याची जर्सी बेंबीच्या वर संपत होती, एका सडपातळ पोराची गुडघ्यापर्यंत आली होती. आणि मधोमध डोंगराएवढा एक गडी दोन्ही हात वर करून गोल गोल फिरत होता. त्याचं डोकं एक नंबरच्या जर्सीत अडकलं होतं. दोघेजण ती खाली ओढत होते, दोघे वर.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो पैलवान! काही लाजलज्जा? दुसऱ्याचा कपडा घालता? ती माझ्या मुलाची आहे!”

डोंगर जागच्या जागी थांबला. जर्सीच्या आतून दबका आवाज आला, “बाबा, आधी बाजूची शिवण उसवा. श्वास कोंडलाय.”

मास्तरांनी पेटी उघडली, पण सुईऐवजी खडू काढला, मग गुंडी काढली, मग उसवायची कात्री हाताला लागली. आपल्या हातची बारीक टीप त्यांनी काखेपासून कमरेपर्यंत उसवत नेली. कापड सुटलं आणि आतून लालबुंद, रुंद, दाढी वाढलेला चेहरा बाहेर आला. मास्तर त्या चेहऱ्यात काडीला शोधू लागले. डोळ्यांपाशी थोडा सापडला.

“नंबर खेळायच्या जागेचा असतो, बाबा. उंचीचा नसतो.”

“मग एवढासा कपडा दिसला तर घालायला कशाला गेलास?”

मुलाने जर्सीचा गळा हातात धरला. “नंबर माझा होता. आणि हात लागल्याबरोबर पट्टी कळली. म्हटलं, कशीही बसवायचीच.”

मास्तरांना ‘बसली का नीट?’ एवढंच पाठ होतं आणि ते आता विचारण्यासारखं राहिलं नव्हतं.

“बापलेकांची भेट नंतर!” मॅनेजर ओरडला. “पंचांकडे नावं नंबरांसकट गेलीत. नंबर काढा आणि बदला!”

“निघणार नाहीत,” मास्तर खाली बघत म्हणाले.

“म्हणजे?”

“तिहेरी टीप आहे. कापड फाटेल, नंबर सुटणार नाही. शाळेला तशी हमी देतो मी.”

शेवटी अंगाला बसेल ती जर्सी ज्याने त्याने घातली आणि मलमपट्टीच्या पेटीतल्या पांढऱ्या चिकटपट्टीने मास्तरांचे सुबक नंबर झाकून वर वेडेवाकडे नवे नंबर चिकटवले. देशाचा संघ नुकताच दवाखान्यातून सुटल्यासारखा दिसू लागला. मऊ पट्टीची जर्सी शिवण घालून गेली नऊ नंबरच्या खेळाडूकडे. हाच तो संघातला चिमुकला गडी.

“काका, गळा काय सुरेख केलाय!” तो मान फिरवत म्हणाला. “लोण्यासारखा!”

“हो,” मास्तर म्हणाले.

मुलाच्या वाट्याला शेवटची, सर्वांत मोठी जर्सी आली. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावू द्यायला मास्तर तयार होईनात. पेटीतल्या उरल्या कापडाने जुना नंबर झाकून त्यावर एकचा आकडा ते हाताने शिवू लागले. मुलगा बाकावर पाठ करून बसला. पाठ एवढी होती, की हातभर दोरा तिच्यावर सहज पसरला असता.

“केव्हा एवढा झालास?”

“झालो हळूहळू.”

“कुणी बोललं नाही मला.”

“आईला माहीत आहे की. दर आठवड्याला बोलतो तिच्याशी, न्हावीकाकांच्या घरच्या फोनवर. वजन वाढलं की पहिलं तिलाच सांगतो.”

सुई थांबली. “दर आठवड्याला?”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“हालू नकोस, टोचेल,” मास्तर म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

सामन्याचं काय सांगावं! रग्बीत कपडा अंगाला कातड्यासारखा चिकटलेला लागतो, कारण समोरचा धरायलाच टपलेला असतो. इथे चौदा जणांनी वाढतं माप घातलेलं. पाहुण्या देशाच्या गड्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी मुठी भरभरून कापड धरायला सुरुवात केली. आमचा गडी चेंडू घेऊन पुढे, त्याची जर्सी मागे पाहुण्याच्या मुठीत. काडीने तर तिघांना ओढत नेलं, चौथ्याने पाठीचा घोळ धरला आणि गोणी आपटावी तसा त्याला आपटला. मैदानाच्या कडेला मास्तर दर वेळी स्वतःचाच सदरा मुठीत आवळत होते. एक नऊ नंबरवाला तेवढा मासोळीसारखा निसटत होता. आमचे जे काही गुण झाले, ते त्याचे. लोक त्याच्या नावाने ओरडत होते. संघ हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला.

मुलगा खांदा धरून बाहेर आला.

“वाढतं माप ठेवलंत ना, बाबा?”

“सवय रे. वाढत्या अंगाला...”

“माझं वाढून झालं,” तो म्हणाला. रागाने नाही, बसची वेळ सांगावी तसं.

“जर्सी काढून दे, बाजूने आत घेऊन देतो.”

“आता कशाला? स्पर्धा संपली.”

“पुढच्या वेळेला.”

“बघू,” मुलगा म्हणाला. मग जाता जाता थांबला. “नंबर मात्र निघाला नाही हं.” आणि संघाच्या गाडीत जाऊन बसला.

घरी बायको दारातच होती. सामना तिने न्हाव्याच्या घरी बघितला होता.

“बटणं मिळाली का हो?”

“तू फोन करतेस म्हणे त्याला.”

ती पदर खोचून पुढे आली. “करते. घरातलं कुणीतरी नको का करायला? तुम्ही तोंड शिवून बसलात, मीही शिवायचं होतं?”

“एवढा मोठा झालाय, हे तरी सांगायचंस.”

“कुणाचं नाव घेऊन सांगू?”

मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग घरात फोन घ्यायचा, असं ठरवून टाकलं. “आता शेजाऱ्यांकडे जायचं नाही. इथूनच बोलायचं. मीही बोलेन.”

आणि ते बोलू लागले. फोन वाजला की मास्तर पहिले. “बरा आहेस? खांदा? हं. हं. घे, आई आहे.” मग फोन तिच्या हातात देऊन समोरच खुर्ची ओढून बसायचे, एकेक शब्दाकडे कान लावून. न्हाव्याच्या माजघरात ती काय काय बोलायची! पोरगा तिला कुणी मुलगी आवडल्याचं सांगायचा, हरल्यावर रडायचा, आणि ‘तुझ्या बाबांचं डोकं म्हणजे नुसता दगड’ असं ती म्हणाली, की दोघं मिळून पोटभर हसायची. आता समोर दगड बसलेला, डोळ्यांत प्राण आणून.

“बरा आहे ना?” ती विचारते.

“बरा आहे,” तिकडून तो म्हणतो.

“जेवलास?”

“जेवलो.”

मग दोघंही थोडा वेळ फोन धरून राहतात.

तर हिशेब असा झाला. देशाचा करंडक गेला. मॅनेजरची खुर्ची गेली. मुलाचा खांदा बऱ्याच उपचारांनी जागेवर आला. नऊ नंबरचं सोनं झालं. मास्तरांना मुलगा मिळाला, निदान त्याचा आवाज मिळाला, आणि ते खूश आहेत. या सगळ्याची किंमत मोजली ती त्या बाईने. तिच्याकडे मुलगा आख्खा होता. आता तो नवऱ्याबरोबर वाटून घ्यायचा, आणि वाटून घेताना काय गेलं, हे सांगायला तिच्याजवळ आता फोन नाही.