टाकीत कोणी काय टाकलं

आपल्या घरात बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय कोणाच्या तोंडात थेंबही जात नाही, असं जया छातीठोकपणे सांगायची. आणि तोंड म्हणजे फक्त दीड वर्षाच्या डिंपलचं नव्हे! त्यात सासऱ्यांचा, म्हणजे बापूजींचा खोकला आला, सासूबाई गोकुळाबाईंचे गुडघे आले, आणि नवऱ्याने, देवानंदने, गेल्या दिवाळीत नागपूरहून आणलेली जुनी डिझेल पिकअपही आली. शेवटी तिलाही तोंड होतंच की! मागच्या चाकाच्या वर, कुलूप लावलेलं.

जया ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. तेही केमिस्ट्री घेऊन! डिंपल झाल्यापासून मात्र त्या केमिस्ट्रीला एकच काम उरलं होतं: जगातल्या कोणत्या वस्तूने पोरीला काय होऊ शकेल, याची कल्पना करत बसणं. फिनाईल माळ्यावर, रॉकेल पेटीत, आणि बापूजींची चुन्याची डबी त्यांच्याच खिशात सेफ्टी पिनेने अडकवलेली!

अशा घरात एके संध्याकाळी देवानंद निळ्या औषधाची बाटली घेऊन आला.

"हे काय आणलं?"

"औषध."

"कोणाला काय झालं?" जयाचा हात आधी डिंपलच्या कपाळावर गेला.

"अवो, गाडीले! वडश्याच्या स्टँडवर एक टायवाला देऊन राह्यला होता. डिझेलमंदी टाकाचं. तू डिंपलचे कान साफ करते का नाई, तसं इंजिन आतून साफ होते. धूर बंद, खोकला बंद, अन् अ‍ॅव्हरेज दीडपट!"

जयाने बाटली खिडकीपाशी नेली. पुढून वाघाचं चित्र होतं. मागून मुंगीच्या पावलांएवढं इंग्रजी. ते वाचता वाचता तिचे डोळे मोठे होत गेले.

"गिळल्यास घातक. कातडीला लागू देऊ नये. वास घेऊ नये. मुलांपासून लांब ठेवावे."

"मंग? गाडी का मूल आहे?"

"आणि कंपनीने इंजिन बनवताना हे का नाही सांगितलं? जुन्या टाकीतला गाळ एकदम सुटला, फिल्टरमध्ये जाऊन बसला, तर?"

"टायवाला त असा नाई बोलला."

"टायवाला कशाला बोलेल!"

ओसरीवरून बापूजींनी खाकरून आपलं मत मांडलं. ते गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, त्यामुळे खाकरलं की भाषण येणार हे ठरलेलं. "बाटलीफाटली काऊन पाह्यजे? आमच्या टायमाले धानगिरणीचं इंजिन मोहाच्या बियांच्या, टोळीच्या तेलावर चालत होतं. टोळीचं तेल टाका थोडकसं. मालिश केल्यावानी आराम पडते इंजिनाले."

गोकुळाबाई चुलीपासून म्हणाल्या, "गाडी आणली तवापासून तिची ढंगाची पूजा नाई झाली. म्हून खोकलते थे."

एरवी हा वाद आठवडाभर पुरला असता. पण परवाच वडश्याहून सोसायटीच्या तलावासाठी बोटुकली आणायची होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढाली माशांची पिल्लं, तलावाचं बी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि ऑक्सिजन भरून ती येतात, आणि पिशवी उन्हात तापली की पाहता पाहता पोट वर करतात. दरवर्षी भाड्याचा टेम्पो यायचा. यंदा बापूजींनी भर सभेत मांडीवर थाप मारली होती: "माह्या पोराच्या गाडीत येईल बी! वाटंत मेलं त अध्यक्षपद सोडतो!" अध्यक्षपदाचं एक वेळ जाऊ द्या. पण बी मेलं असतं तर मासेमारीवर जगणाऱ्या अख्ख्या ढिवर मोहल्ल्याला पुढचं वर्षभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून नुसतं पाणी पाहावं लागलं असतं!

म्हणून जयाने निकाल दिला. "बी तलावात पडेपर्यंत टाकीत कोणीही, काहीही टाकायचं नाही."

"बराबर आहे," देवानंद म्हणाला.

"बराबर," बापूजी म्हणाले.

"होय ना बाई," गोकुळाबाई म्हणाल्या.

या घरात साध्या वांग्याच्या भाजीवरसुद्धा इतक्या लवकर एकमत झालं नव्हतं. जयाला तिथेच शंका यायला हवी होती!

पण तिला शंका यायला वेळ कुठे होता? ती बाटली घरातच होती ना! फडताळात ठेवली तर शेजारी डिंपलचं ग्राइप वॉटर. माळ्यावर ठेवली तर उंदीर पाडणार. नालीत ओतली तर गाय पिणार. वाडीत ओतली तर कोंबड्या टोचणार, कोंबडी अंडं देणार, आणि ते अंडं शेवटी कोणाच्या पोटात जाणार? डिंपलच्या! तलावाचं तर नावही नको. दोन दिवस जयाला घास गोड लागेना. निघायच्या सकाळी तिला एकदम उत्तर सापडलं. डिंपलचा हात पोचणार नाही आणि वर कुलूप आहे, अशी घरात एकच जागा होती. पिकअपची टाकी!

आता हे नीट समजून घ्या. जयाने टाकीत औषध टाकलं नाही. तिने एक घातक वस्तू सुरक्षित जागी ठेवली. या दोन्हींत फार मोठा फरक आहे. निदान अख्खी बाटली गळग् गळग् करून आत जात होती, तेव्हा तिला तो अगदी स्वच्छ दिसत होता.

वडश्याला ती स्वतः सोबत निघाली. वाटेत नवऱ्याने काही टाकू नये म्हणून! मांडीवर डिंपल, पायाशी पिशवी. पिशवीत उकळलेलं पाणी, साखर-मिठाची पुडी, थर्मामीटर, कापूस आणि तीन टोपडी. बापूजी मागे हौद्यात, बोटुकलीच्या बंदोबस्ताला.

जाताना गाडी काय पळाली! येतानाही तशीच. मागे ओल्या गोणपाटाखाली पाण्याने टम्म फुगलेल्या पिशव्या, पुढे देवानंद नवरदेवासारखा ताठ. धूर तेवढा निळसर निघत होता आणि त्याला कुठल्या तरी देवळाचा वास येत होता.

"पाह्यलं का? खोकलली का एकडाव तरी?" देवानंदने मिशीवरून हात फिरवला.

"पुढे पाहा," जया म्हणाली. पण मनातून तीही खूश होती. केमिस्ट्री शेवटी केमिस्ट्री, असं तिला वाटून गेलं, आणि असं वाटल्याचा तिला रागही आला.

ब्रह्मपुरीला पंपावर ट्रॅक्टरांची ही लांब रांग. देवानंदने गाडी जराशी हळू केली, तोच बापूजींनी टपावर धाडधाड थापा मारल्या. "चाल बे, चाल! थांबशीन त बी शिजून जाईल! इथंच रस्सा करा लागंन!"

गाडी सुटली. श्रावणातलं ऊन ढगांतून असं बाहेर आलं होतं, जसा घरी राहायला आलेला पाहुणा. जायचं नावच घेईना. नागभीड मागे पडलं, पक्की सडक सुटली, सागाचं जंगल लागलं. गाव दोन कोसांवर राहिलं, आणि पिकअपने एक आचका दिला. मग दुसरा. मग एक लांब सुस्कारा सोडून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

खर्र... खर्र... देवानंदने चावी फिरवली. खर्र... खर्र... डिंपलला गंमत वाटली. तीही म्हणाली, "खल्ल!"

देवानंदने बॉनेट उघडलं आणि आत असं डोकं घातलं, जसं काही इंजिन त्याच्या कानात सांगणार होतं. बापूजींनी एक पिशवी उचलून उन्हात धरली. बोटुकली पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत-मिटत होती. बापूजींचंही तोंड तसंच उघडायला-मिटायला लागलं.

"देवा, बी गरम होऊन राह्यलं!" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "लोक पाळीवर येऊन बसले असतीन बे."

पिशवीतली ती शेकडो इवली तोंडं पाहून तिला वाटलं, ही सगळी आपल्याच नावाने आ करताहेत. ती खाली उतरली.

"मी सांगते काय झालं," ती म्हणाली. "टाकीत ते औषध गेलं. अख्खी बाटली."

देवानंद एवढासा झाला. "तुले कसं समजलं? म्या त लपून टाकली होती."

"तुम्ही? मी टाकली!"

"तू? अवो, मी टाकली!"

"बाटली तर माझ्याजवळ होती!"

"दोन होत्या ना! एकीवर एक फुकट होती. तू वरडशीन म्हून दुसरी शीटखाली ठेवली होती. सकाळी थेच मारली टाकीत. पण तू? तू बी.एस्सी. असून?"

"मी टाकली नाही," जया म्हणाली. "मी ती सुरक्षित ठेवली."

तेवढ्यात हौद्यातून खाकरणं ऐकू आलं. पण या वेळी मागून भाषण आलं नाही.

"बापूजी?"

"जास्त नाई टाकलं, सूनबाई. लोटाभर. टोळीचं."

दोन बाटल्या औषध आणि वर लोटाभर तेल! जयाच्या डोळ्यांसमोर कॉलेजातली ती परीक्षानळी आली, जी तिने एकदा सरांच्या देखत फोडली होती. पण आता हातपाय गाळून चालणार नव्हतं. तिने डिंपलला कडेवर घेतलं आणि पोर आजारी पडलं की तिचा निघायचा तो आवाज काढला.

"आधी बी सावलीत! ती समोर शेताला लागून बोडी आहे ना, तिच्या पाण्यात पिशव्या तरंगत ठेवा. तोंड सोडायचं नाही. आणि तुम्ही टाकीच्या खालचा नट खोला. टाकीतलं सगळं विष काढून टाका!"

तिघांनी पिशव्या बोडीत नेल्या. गार पाण्यात त्या बदकांसारख्या डोलायला लागल्या, आणि आतली बोटुकली हळूहळू खाली गेली. बापूजींनी सुटकेचा श्वास घेतला. देवानंद पाना घेऊन गाडीखाली सरपटला. जयाने घमेलं सरकवलं, डिंपलला दहा हात लांब नेलं आणि तिच्या नाकाला पदर लावला.

"घमेलं पुरंन का?" आतून आवाज आला.

"भरलं की ओरडा!"

नट सुटला. टप्. टप्. टप्प. मग काहीच नाही.

"खोला की पुरता!"

"पुरता खोलला, वो!"

तिघांनी घमेल्यात वाकून पाहिलं. चहाच्या दोन कपांत मावेल एवढं निळसर, मेणचट काहीतरी तळाला होतं. बापूजींनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"हा त कापूर आहे!"

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहिली: चुलीपाशी बसून "होय ना बाई" म्हणणारी. गोकुळाबाईंनी गाडीची पूजा थेट पोटातून केली होती!

मग जयाने अगदी सावकाश विचारलं, "टाकीत औषध टाकलं. तेल टाकलं. कापूर टाकला. डिझेल कोणी टाकलं?"

देवानंदने बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी बोडीकडे पाहिलं.

"काटा त अर्ध्यावर होता," देवानंद पुटपुटला.

"तो काटा गाडी आणली तेव्हापासून अर्ध्यावर आहे!"

"अन् म्या म्हटलं, आता अ‍ॅव्हरेज दीडपट झालं, त..." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

अशा वेळी चिखलणी आटपून सुकलू आपली बैलजोडी घेऊन त्या वाटेने आला. जंगलाकडच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा हा माणूस, एरवी डिंकाची पोतडी देवानंदच्याच गाडीतून बाजाराला न्यायचा. त्याने गाडी पाहिली, घमेलं पाहिलं, तिघांचे चेहरे पाहिले आणि काही विचारलं नाही. त्याने फक्त बैलांच्या जुवाचा जाड दोर, नाडा, सोडला आणि गाडीला बांधला.

तर गाव गाठायची वेळ आली, तेव्हा देखावा असा होता. पुढे दोन बैल. त्यांच्यामागे नाड्याने बांधलेली पिकअप. आत स्टिअरिंग धरून देवानंद, बैलांना उगाच हॉर्न वाजवत. मागे ओल्या गोणपाटाखाली गारेगार बी, आणि त्यावर डिंपलचं दुसरं टोपडं भिजवून पसरलेलं. तलावाच्या पाळीवर सोसायटीची सगळी माणसं, ढोल, आणि सगळ्यांत पुढे आरती घेऊन गोकुळाबाई. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

"कशी शांत आली बाई गाडी! एकडावही खोकलली नाई!"

पिशव्यांची तोंडं सुटली. क्षणभर पाणी तसंच राहिलं, आणि मग चांदीच्या सुया सांडाव्यात तशी बोटुकली सळसळत तलावात पसरली. बापूजींनी डोळे पुसले आणि घाम आला म्हणाले. जयाने डिंपलला घट्ट धरून खाली वाकवलं. पोरीने पाण्याकडे पाहून टाळ्या पिटल्या.

"देवानंदभाऊ, गाडी मस्त आहे," कोणीतरी विचारलं. "अ‍ॅव्हरेज कितीक देते?"

देवानंद आकाशाकडे पाहायला लागला. उत्तर बैल सोडता सोडता सुकलूने दिलं. "दोन कोसाले दोन पेंड्या धानाचं तणीस. अन् बादलीभर पाणी."

अख्खी पाळ हसली. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त जया हसली. इतकी, की तिला खाली बसावं लागलं, आणि देवानंदही तिच्याकडे पाहून लाजत लाजत हसू लागला.

हसणं ओसरल्यावर सोसायटीतली जंगूची बायको सीता तिच्याजवळ सरकली. जंगूही जुना मेटॅडोर घ्यायचं म्हणत होता. "बाई, तू शिकलेली आहेस. खरं सांग, टाकीत थे औषध टाकावं का नाई?"

जयाने पदर सावरला. बी.एस्सी.चा सगळा आव चेहऱ्यावर आणला. देवानंदने कान टवकारले.

"टाका की," ती म्हणाली. "पण आधी डिझेल टाका."