शंभरपैकी शंभर गुणांची मॉरिस

भास्करराव धुमाळ यांची १९४८ सालची मॉरिस चालत होती, हेच या प्रकरणाचे मूळ कारण होय. ती बंद असती तर पुढचे काहीही घडले नसते. बडोद्यातल्या हरणीच्या स्नेहसरिता सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी ही हकीकत नोंदवीत आहे. यातले निम्मे अर्ज माझ्याच हस्ताक्षरात आहेत, तेव्हा माहिती खात्रीची समजावी.

भास्करराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फोरमन होते. तिथे इंजिन दुरुस्तीला आले की त्याचा एकेक भाग बदलत जातात, आणि बाहेर पडते ते त्याच नंबराचे तेच इंजिन असते. तुझ्यातले जुने काय उरले, असे त्याला कोणी विचारत नाही. निवृत्तीनंतर भास्कररावांनी हीच रीत घरच्या मॉरिसला लावली. पाण्याचा पंप त्यांनी पितळेचा तुकडा कातून स्वतः बनवला. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा होता. दारांच्या फटींना सुहासिनीबाईंच्या कुकरच्या जुन्या रिंगा कापून लावल्या होत्या, त्यामुळे पावसाळ्यात गाडीत थेंब येत नसे.

सुहासिनीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. स्कूटरवर पाय टाकता येत नाही आणि रिक्षाने गेल्या तर पुढचे दोन दिवस ठणका. मॉरिसची पुढची सीट भास्कररावांनी त्यांच्या मापाने चार बोटे उंच करून दिली होती. दर रविवारी साडेनऊला गाडी निघे आणि बाईंना छाणीला त्यांच्या आईकडे नेई. आई अहल्याबाई पंच्याऐंशीच्या. शनिवारपासूनच त्या हॉर्न ऐकायला बसत, असे बाई सांगत. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मग १९९७ साल उजाडले. दिल्लीहून परवान्यांचे राज्य उठून सहा वर्षे झाली होती. ते कुठे गेले म्हणून लोक विचारत. ते आमच्या सोसायटीत राहायला आले होते, प्रतापरावांच्या बंगल्यात.

प्रतापरावांचे आजोबा संस्थानच्या पागेत कारकून होते. वडिलांच्या तोंडी ते पागेचे अधिकारी झाले आणि प्रतापरावांच्या तोंडी पागाच आजोबांची होती. त्यांनी नवी कोरी जपानी पद्धतीची गाडी घेतली होती. तिचे बॉनेट कुठून उघडते हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी ‘बडोदे वारसावाहन संवर्धन मंडळ’ स्थापन केले आणि गाड्यांची मिरवणूक जाहीर केली. संस्थान विलीन होण्याआधीची गाडी हवी, ही पहिली अट. अशी गाडी सोसायटीत एकच होती.

“भास्करराव, हा तर आपला वारसा,” प्रतापराव बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. “फक्त मूळत्वाचे गुण काढावे लागतील.”

“काढा ने,” भास्करराव म्हणाले. “एका किल्लीत चालू होते.”

“चालण्याला गुण नाहीत.”

तपासणी दोन तास चालली. शंभरपैकी तीस गुण पडले. भास्कररावांचा चेहरा मुलगा नापास झाल्यासारखा झाला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातचे काम कधी परत आले नव्हते.

नियमावली मी वाचून दाखवली, कारण ती मराठीत असूनही कोणाला कळत नव्हती. नियम चौदा: नकली भाग आढळल्यास पाच गुण वजा. नियम पंधरा: भाग मुळातच नसल्यास काही वजा नाही, कारण अभाव नकली असू शकत नाही.

भास्कररावांनी नियम पंधरा दोनदा वाचायला लावला. मग पाना आणला आणि गिरणीचा पट्टा काढला. पस्तीस. पितळी पंप काढला. चाळीस.

“अहो, रविवारी छाणीला जायचंय ने?” सुहासिनीबाई दारातून म्हणाल्या.

“एक रविवार काय होतं? मिरवणूक झाली की अर्ध्या दिवसात सगळं परत लावतो.”

एकाचे सात रविवार झाले. डिस्ट्रिब्युटर गेला, वायरिंग गेले, ब्रेकचे नळ गेले. सगळे भाग चिठ्ठ्या लावून एका गोणपाटात पलंगाखाली पडले. गाडी जसजशी रिकामी होत गेली तसतसे प्रतापराव भारावत गेले. कुकरच्या रिंगा निघाल्या तेव्हा पंचाण्णव झाले. शेवटी चार बोटे उंच केलेली सीट उरली.

“ती राहू द्या,” भास्करराव म्हणाले. “बायकोची आहे.”

“पंचाण्णववर थांबायचं?” प्रतापरावांनी विचारले. प्रश्न इतक्या गोडीने विचारला की भास्कररावांनी सीटही काढली. त्या वेळी टॉर्च मी धरला होता.

शंभरपैकी शंभर. मिरवणुकीच्या दिवशी गाडी टेंपोत चढवून कमाटीबागेपाशी नेली आणि तिथून आम्ही सहा जणांनी पगड्या घालून ढकलली. संस्थानकाळीही गाड्या ढकलीत असत, असा निर्वाळा मंडळाने आधीच दिला होता. पहिले बक्षीस मिळाले. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते. एका गृहस्थांनी पत्नीला सांगितले, “बघ, पूर्वीची मजबुती.”

भास्करराव घरी आले तर दाराला कुलूप. बाई रिक्षा करून छाणीला गेल्या होत्या. शेजारच्या घरातून त्यांनी फोन लावला, मी तिथेच होतो.

“परत कधी येतेस?”

“गाडी येईल तेव्हा.”

“रिक्षा पाठवतो ने.”

“रिक्षानं एकदा आले. आल्यापासून पलंगावर पडून आहे, आणि आई विचारते, हॉर्न का नाही वाजला. तिला काय सांगू, तुम्हाला शंभर मिळाले?”

भास्कररावांनी फोन ठेवला आणि गोणपाट ओढून बाहेर काढले. पंप हातात घेतला तोच प्रतापराव आले. बक्षीसपात्र वाहन हे संरक्षित असते. त्यात नंतरचा भाग बसवायचा तर अर्ज तीन प्रतींत, सोबत तो भाग मूळ असल्याचा दाखला आणि सोसायटीची ना हरकत. अर्ज मीच लिहून दिला. ‘वाहन चालू करण्याचे कारण’ या रकान्यात भास्कररावांनी सांगितले, “लिहा, बायकोला आणणे.” मंडळाने शेरा मारला: कारण वारसास्वरूपाचे नाही.

राहिली सोसायटीची ना हरकत. ती मिळाली असती तर फेरविचार होऊ शकत होता. सभा भरली. पण तोवर फाटकावर ‘पुरस्कृत मॉरिसची सोसायटी’ अशी पाटी लागली होती, रविवारी माणसे गाडी बघायला येऊ लागली होती, आणि मुलींच्या सासरी सांगायला प्रत्येकाला काहीतरी मिळाले होते. ठराव एका मताविरुद्ध नामंजूर झाला. ते एक मत भास्कररावांचे. माझे बाकीच्यांत होते.

आता ते रविवारी साडेनऊला गाडीत जाऊन बसतात. सीट नसल्यामुळे पाटावर बसतात. एकदा मी काचेजवळ गेलो तर म्हणाले, “सेक्रेटरी, हॉर्न तेवढा मूळचा आहे हो. पण बॅटरी नाही.” मला भरून आले, तरी मी नियम मोडला नाही.

तुम्ही मला नावे ठेवत असाल. जरूर ठेवा. पण त्याआधी उठून तुमच्या बैठकीतल्या शोकेसपाशी जा. लग्नात आलेला सहा कपांचा संच तिथे असेल, सोनेरी कडेचा. त्यातून घरातल्या माणसाने शेवटचा चहा कधी घेतला, ते आठवा. आठवले तर छाणीला फोन करून बाईंची समजूत घाला. नंबर माझ्याकडे आहे.