चहावालीनं हात कशाला वर केला?

श्रीपतीनाना एकदा साताऱ्याहून एसटीनं येत होता. उंब्रज आलं, कंडक्टरनं घंटी मारली, तरी नाना जागचा हलला नाही. पुढच्या बाकावर दोन जावांचं भांडण लागलं होतं आणि ते अजून मिटलं नव्हतं. त्या जावांच्या मागं नाना कराडपर्यंत गेला. स्टँडवर उतरून दोघी एकाच ताटलीत कलिंगड खायला लागल्या, तेव्हा कुठं त्याचा जीव खाली पडला. परतीची गाडी धरून घरी आला आणि मला म्हणाला, "मिटलं गड्या. धाकटीनं माघार घेतली."

कोण धाकटी, कसली माघार? पण नानाचं असंच. "सोक्षमोक्ष झाला पायजे" हे त्याचं वाक्य. जत्रेत कुस्ती बरोबरीत सोडली तर हा फडात बैठक मारून बसायचा. पंच हात जोडायचे, "नाना, उठा आता, हलगीवाले बी घरी गेले." नाना म्हणायचा, "पाठ कुणाची लागली त्ये सांगा, मग उठतो." पलटणीतनं हवालदार होऊन आला. तोफांनी एक कान गेला, पण हा हट्ट काही गेला नाही.

मी आप्पा. नानाच्या भिंतीला भिंत लावून राहतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं सगळी हयात उसाच्या ट्रकवर गेली. माझं मत मी कुणाला भिऊन बदललेलं नाही आणि या गोष्टीतही बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नानाची बायको हिरावहिनी. तिचे गुडघे गेले होते. भिंतीला धरून चुलीपाशी जायची. सांगलीला राहणारा त्यांचा पोरगा म्हणायचा, ऑपरेशन करू. नाना म्हणायचा, "पलटणीत मोडक्या हाडानं डोंगर चढलोय मी. तेल लाव." वहिनीनं बरीच वर्षं तेल लावलं. मग उन्हाळ्यात एक दिवस पोरगा गाडी घेऊन आला आणि ती निघाली.

तेव्हा मी दारातच उभा होतो. नानानं गाडीच्या काचेत तोंड घातलं. म्हणाला, "जातीयास तर जा. पर परत येणार का न्हाई, त्ये आत्ता सांग."

वहिनी म्हणाली, "बघू."

"बघू म्हंजे काय? व्हय का न्हाई?"

"बघू म्हंजे बघू."

गाडी गेली. दुसरी कुठलीही शिवी नानानं सहन केली असती, पण 'बघू' त्याच्या अंगाला लागलं. ऑपरेशन झालं, वहिनी चालायला लागली असं कळलं. नाना गेला नाही. "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यील." तिनंही फोन केला नाही. पावसाळा सरला तरी दोघांचं तोंड एकमेकांकडं नाही.

मधे होती फक्त नात, सायली. सांगलीला कॉलेजात जाते. तिला जपानी चित्रांच्या गोष्टींचं लई वेड. ती पुस्तकं उलटी असतात, मागच्या बाजूनं उघडायची, उजवीकडनं डावीकडं वाचायची. रोज संध्याकाळी ती पानांचे फोटो आजोबाच्या मोबाईलवर पाठवायची आणि कोण काय बोलतंय ते मराठीत बोलून धाडायची. तिकडं तीच गोष्ट आजीला वाचून दाखवायची. नाना ओट्यावर बसून मोठ्यानं ऐकायचा, म्हणजे पर्यायानं मीही, आणि समोरच्या गिरणीतली दळपाची बाई शांताही.

गोष्ट अशी. एक बेट. तिथं बोटीच्या धक्क्यावर एक पोरगी चहा विकते. तिचं नाव मला काही उच्चारता येत नाही, आम्ही तिला चहावाली म्हणायचो. तिचा जीव एका पोरावर. तो शहरात जातो. आधी पत्रं येतात, मग थांबतात. ही रोज शेगडी पेटवते, रोज बोट बघते. माणसं कमी बोलतात, पानंच्या पानं नुसता पाऊस आणि समुद्र. पण सांगतो, शांताबाई दळण तसंच टाकून ऐकायची.

शेवटचं पान आलं. थंडीआधीची शेवटची बोट. धुकं. चहावाली पाठमोरी उभी आहे, एक हात वर. बोट दिसते, बोटीत कोण ते दिसत नाही. त्याच्या पुढचं पान पांढरं, कोरं.

नानानं तिथल्या तिथं सायलीला फोन लावला. "बाळ, फोटू कोरा आलाय. परत काढ."

"आबा, कोरंच हाय ते. संपली गोष्ट."

"संपली कशी? पोरगं आलं का न्हाई?"

"ते आपण समजायचं."

"आपुन? आपुन काय म्हणून? चित्रं त्यानं काढल्यात, त्यानं सांगावं की!"

दुसऱ्या दिवसापासनं गावाला दुसरं काम राहिलं नाही. नाना मोबाईल घेऊन सलूनमध्ये गेला, डेअरीवर गेला, पिंपळाखाली गेला. प्रत्येकाच्या नाकापुढं ते चित्र धरायचा. "हात कशाला वर केलाय हिनं? सांग."

रिटायर कंडक्टर कोंडिबा म्हणाला, "बोट थांबवत्या. थांब्यावर उभं राहून हात करायचा न्हाई तर डायवर पुढं काढतो." संभा न्हाव्यानं चित्र जवळ घेतलं, लांब धरलं, म्हणाला, "केस सावरत्या. वारं हाय." शांताबाई म्हणाली, "आवं नाना, चहा उतू गेला आसंल. हात झटकत्या." तालमीतली पोरं म्हणाली, नंबर दोनचा भाग येणार, कंपनीची चाल आहे.

नाना एकेकाला मोडीत काढत गेला. त्याचं ठरलेलं होतं. पोरगं आलं. ती त्याला हाक मारते. "यकदम पष्ट हाय. परकं कुणी आलं तर बाईमाणूस आसा हात करंल का?"

मग त्यानं मला विचारलं. मी खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "नाना, बोटीचा धूर बघ. धूर किनाऱ्याकडं आलाय. गाडीचा धूर गाडीच्या मागं ऱ्हातो. म्हंजे बोट निघालीया. ती निरोप देत्या."

"वारं फिरलं आसंल."

"वारं आसंल न्हाई तर नसंल. धूर तर दिसतोय."

नाना उठला आणि घरात गेला. तिथपर्यंत ही गंमत होती. पण संध्याकाळी सायलीचा आवाज आला, मोबाईलवर, मोठ्यानं, माझ्या ओट्यापर्यंत, "आबा, आजी म्हणते, तो आलाच न्हाई. निरोप देते म्हणते ती."

मी भिंतीवरनं डोकावलो. नानाचा चेहरा पिठासारखा पांढरा. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू फोन केलतास व्हय रं तिला?"

"मी कशाला करू?"

"मग दोगांचं यकच कसं?"

"धूर दोगांना दिसतो म्हणून."

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, मला काय गरज? दोन घरांत एक भिंत, आणि दोन्हीकडं खोकल्याशिवाय आवाज नाही.

अशात सांगलीहून पोरग्याचा फोन आला. नानाला नाही, मला. "आप्पा, आईला आता हितंच ठेवावं म्हणतो. रविवारी येतो, तिची पेटी अन् लुगडी घिऊन जातो. तुमी नानास्नी जरा सांगा."

"आई काय म्हणत्या?"

"आई काय बोलत न्हाई. पण न्हाई बी म्हणत न्हाई."

असला निरोप माझ्या गळ्यात. अबोला मोडून मी नानाच्या दारात उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. वाटलं, खवळेल. तो खाटेवर बसून मोबाईलची काच धोतरानं पुसत होता.

"पेटी देतो की," म्हणाला. "पर आधी त्या पोरीचा सोक्षमोक्ष. मंगळवारी देवीला कौल लावायचा."

"कशाचा कौल?"

"पोरगं उतरलं का न्हाई बोटीतनं."

आमच्याकडं कौल लावतात तो लग्न ठरवताना, विहीर खणताना, जनावर हरवल्यावर. देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लागलेल्या कौलापुढं गावात कुणी बोलत नाही. त्या देवीला नाना जपानचं विचारणार होता! बातमी फिरली. सायलीलाही त्यानंच सांगितलं.

मंगळवारी सकाळी देवळात ही गर्दी. मी जाणार नव्हतो, पण गेलो. भिकू गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यात आडवा उभा.

"नाना, देवीला शिवंबाहेरचं इचारत न्हाईत."

"का? तिला दिसत न्हाई?"

"तिची हद्द हाय."

"हवालदाराला हद्द शिकवू नगंस. सांगली हद्दीत हाय का?"

"सांगलीचा काय संबंध?"

नानानं मोबाईल काढून गाभाऱ्याकडं धरला आणि म्हणाला, "आधी तिला चित्र तरी बघू दे."

"देवीला काय चष्मा लागलाय व्हय, जवळ धराय?" भिकू म्हणाला, पण बाया हसल्या तसा तो ढिला पडला. शेवंतीच्या दोन पाकळ्या भिजवल्या, एक इकडं, एक तिकडं चिकटवली, आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, चहावालीचा माणूस आला आसंल तर उजवी दी, न्हाई तर डावी दी."

मग हसणं थांबलं. कौलाला बसलं की हसू येत नाही कुणाला. समईची वात तेवढी तडतडत होती. मी नानाच्या शेजारीच होतो. तो चित्राकडं बघत नव्हता. त्याचे डोळे पाकळ्यांवर, आणि ओठ हलत होते. मी दुसऱ्याचं देवाजवळचं बोलणं ऐकणारा माणूस नाही. पण बहिरा माणूस पुटपुटतो तेही मोठ्यानं. त्यात बोट नव्हती, चहा नव्हता. "हिरा," एवढं मला ऐकू आलं.

सगळं तिथं माझ्या ध्यानात आलं, आणि नेमकी त्याच वेळेला डावी पाकळी हलली.

आधी वरची कड सुटली. थेंब ओघळला. पाकळी दगडावरनं घसरायला लागली. शांताबाईनं तोंडावर पदर धरला. भिकूनं कौल सांगायला हात उचलला, तोवर नाना गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेला होता. जिथं भिकूशिवाय कुणी पाऊल टाकत नाही तिथं. त्यानं देवीच्या अंगावर पंजा ठेवला आणि ती पाकळी दाबून धरली.

"नाना! खूळ लागलं काय? हात काढा! कौल मोडतोय!"

"न्हाई काढणार."

"आवं, देवी सांगत्या!"

"सांगू दे. मला न्हाई ऐकायचं आज."

कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून फडात बसून राहणारा माणूस. जावांच्या भांडणापायी कराड गाठणारा. तो डोळे मिटून, हात दगडावर टेकून उभा होता. भिकू संतापानं लाल झालेला, पण त्यालाही त्या हाताला हात लावता येईना.

तेवढ्यात नानाच्या दुसऱ्या हातातला मोबाईल वाजला. अंगठ्यानं त्यानं उचलला. त्याच्या कानामुळं तो कायम मोठ्या आवाजावर असतो, सगळ्या देवळात ऐकू आलं.

"आबा, कौल लागला का? आजी कवाधरनं विचारत्या."

भिकूनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"न्हाई लागला," नाना म्हणाला. देवीसमोर, पाकळी पंजाखाली.

तिकडं काहीतरी खुडबुडलं, आणि मग आवाज आला तो सायलीचा नव्हता. "का न्हाई लागला?"

एवढ्या महिन्यांनी पहिला शब्द. नानानं मोबाईल तोंडाजवळ नेला.

"तू ये," तो म्हणाला. "मग भांडू."

आम्ही सगळे त्या मोबाईलकडं असं बघत होतो की पाकळीकडंही तसं बघितलं नव्हतं. मग सायली हळूच म्हणाली, "आबा, आजी उठून आत गेली. काय बोलली न्हाई."

"आत कुठं?"

"खोलीत. कपाट उघडतीया. लुगडी काढतीया खाली."

नानानं फोन ठेवला नाही. एक हात देवीवर, दुसऱ्यात मोबाईल, असा उभा. मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलं.

कपाटातनं लुगडी माणूस कशालाही काढतं, उन्हात टाकायलाही काढतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आणि बोट निघालेलीच आहे, हे मी आजही म्हणेन. पण तेव्हा मी गप्प बसलो.