परबकाकांची पाठ

लालबागच्या चाळीत मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारणींचे चेहरे लक्षात राहायला मला महिना लागला. परबकाकांचा चेहरा तर तीन महिने धड दिसलाच नाही. मला त्यांची पाठ तेवढी माहीत होती. रुंद, जराशी वाकलेली, बंडीला डाव्या खांद्यावर ठिगळ. समोर कुणी जेवायला बसलं की हा माणूस गर्रकन वळून भिंतीकडं तोंड करायचा आणि मालवणीत म्हणायचा, "मी बघूक नाय हां!"

म्हणजे मी बघितलं नाही. अहो, पण कुणी विचारलंय का तुम्हाला?

लग्नाची पंगत असो, नाहीतर गॅलरीत पोर लाडू खात उभं असो, काकांची पाठ ठरलेली. मांजर दूध प्यायला लागलं तरी पाठ! कारण विचारलं की एकच उत्तर. गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर होते ते. "दिवसभर कामगारांची तोंडां बघतंय. घराक इल्यार पण बघू?" मला हे कधी पटलं नाही. फाटकावर काय पंगती बसतात?

मला वाटायचं, हा माणूस आपल्यावर खार खाऊन आहे. कारण मी आले त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी माझा अपमान केला होता. बायजाआत्या म्हणजे आमच्या चाळीची न निवडलेली पुढारीण. ती दहा बायका घेऊन नवी नवरी बघायला आली आणि मी पानावर बसले असतानाच सगळ्या दारात ठाण मांडून बसल्या. "घास केवढा घेते बघ गं!" "डावरी आहे का काय?" माझ्या घशाखाली काही उतरेना. तेवढ्यात परबकाका आले, त्या बायका आणि मी यांच्या मधोमध स्टूल टाकलं आणि माझ्याकडं पाठ करून बसले! हलेचनात. बायका कंटाळून गेल्या. मी रागारागात सगळं ताट संपवलं. मनात म्हटलं, काय हा तुसडा माणूस, नवरीकडं पाठ करून बसतो!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा. आमचे हे गिरणीतून सुटले की परस्पर मोर्चात. घरी आले की घसा बसलेला, मग बोलायचं कुणाशी? मला माणदेशातलं माझं माहेर आठवायचं आणि जेवण जायचं नाही. अशात एक दिवस दादानं माहेराहून बाजरीचं पोतं पाठवलं. मी हौसेनं सुतळी सोडली आणि आतून एक पाल बाहेर आली.

साधी नव्हे. वीतभर लांब, पिवळसर, अंगभर काळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखं जाडजूड. माझा नातू आता सांगतो, तिला लेपर्ड गेको म्हणतात आणि परदेशात लोक हौसेनं पाळतात. पाळू देत बापडे! आमच्या गावात ती विषारी म्हणून दिसली की दगड घालायचे. मी किंचाळले, बायजाआत्या झाडू घेऊन धावली, आणि मध्ये परबकाका.

"खंयसून इली?"

"माझ्या माहेरच्या पोत्यातनं," मी रडत म्हटलं.

"तुझ्या म्हायेरची? मगे मारूची कशी?" आणि त्यांनी अंगातली बंडी काढून तिच्यावर टाकली, गाठोडं केलं आणि खोलीत घेऊन गेले.

झालं! चाळीत दुसरा विषयच उरला नाही. काकांनी चहाचं लाकडी खोकं आणलं. तळाला वाळू, कोपऱ्यात फुटकं कौल उपडं घातलं, लपायला. पणतीत पाणी. आणि रोज संध्याकाळी स्टोव्हवर एक वीट गरम करून, फडक्यात गुंडाळून खोक्याखाली सरकवायची. बाळंतिणीला सुद्धा आमच्या चाळीत एवढा शेक मिळाला नसेल. हे सगळं करायचं आणि मग खोक्याकडं पाठ करून बसायचं! मला काही म्हणजे काही कळेना. बघायची नाही तर पाळायची कशाला?

बघायला बाकीची चाळ होतीच की. ही रांग! कुणी दूधभात आणला, कुणी सुक्या बांगड्याचं डोकं. बायजाआत्यानं तर हळदकुंकवाचं बोट खोक्याला लावलं, पाल म्हणजे लक्ष्मी म्हणून. पाच दिवसांपूर्वी झाडू घेऊन हीच धावली होती! पालीनं कशाला तोंड लावलं नाही. कौलाखालून नुसतं नाक दिसायचं. काका सगळ्यांना हाकलायचे, "बघू नको गो, बघू नको," आणि लोक म्हणायचे, पाल तुमची असली तरी चाळ सगळ्यांची आहे.

सहाव्या दिवशी बायजाआत्यानं निकाल दिला. मुकं जनावर उपाशी मेलं तर साऱ्या चाळीला शाप लागेल. तेव्हा आठव्या दिवशी दिवेलागणीपर्यंत खाल्लं तर ठीक, नाहीतर ठेचून टाकायची. ठेचली की म्हणे शाप नाही. मी विचारलं, असं कसं? तर म्हणाली, "तू नवी आहेस, तुला कळायचं नाही." ते मात्र खरं होतं. मला कुणाचंच काही कळत नव्हतं. मी खरं तर त्या पालीला घाबरत होते, आणि तरी ती मरू नये म्हणून देवापुढं हात जोडत होते. माझ्या माहेरचं जनावर इथं येऊन उपाशी मरणार, हे काही मला सोसवेना.

आठव्या दिवशी दुपारी मी पोत्यातल्या बाजरीची भाकरी आणि झुणका घेऊन काकांकडं गेले. त्यांनी भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ह्या कौल त्या खोक्यात घालूया?" असं म्हणाले. भात खाणारा माणूस, दुसरं काय बोलणार! तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला, पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या, आणि कुणीतरी खालून ओरडलं, संचारबंदी लागली, दारं लावा! धडाधड दारं बंद झाली. काकांनीही आपल्या खोलीचं लावलं. आमचे हे गिरणीत अडकले, मी इथं अडकले.

सगळी चाळ गप्प. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत बघणारं कुणी नव्हतं. "बस," काका म्हणाले, "भिंतीकडे तोंड कर." दोघं बसलो भिंतीकडं बघत. यांची काळजी, बाहेरची भीती, आणि मी खुळ्यासारखी पोपडे मोजतेय!

उजेड कमी झाला. खोक्यात वाळू खसखसली. मी मेली लबाड, पदराआडून बघितलंच. कोपऱ्यातनं एक झुरळ खोक्यात उतरलं होतं. आमच्या चाळीत झुरळांना काय तोटा! पाल कौलाखालून पूर्ण बाहेर आली, चार पायांवर उंच झाली, शेपटाचं टोक थरथरलं, आणि गपकन झुरळ तोंडात! चावून चावून खाल्लं. मग जिभेनं ओठ पुसले आणि डोळे मिटले. घरातली पाल कधी डोळे मिटत नाही, हिला पापण्या होत्या.

"काका, जेवली!"

त्यांनी मान वळवली नाही. "जेवली?"

"सगळं झुरळ खाल्लं."

"कशी दिसता गो जेवताना?"

"डोळे मिटून घेते, काका. सुखानं."

त्यांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ती पण अशीच इली होती. ह्याच खोलयेत. माझी बायल." तेव्हा मला कळलं की या माणसाचं लग्न झालं होतं. "चौदा वर्सांची. सगळी चाळ बघूक लोटली. माझी आये समोर, माझी आत्या समोर, मी समोर. जेव गो, जेव गो. घास घशाखाली उतराना. सातव्या दिवसा तिचो भाऊस येवन घेवन गेलो. चार म्हयन्यांनी कागद इलो, तापान गेली."



"मी नुसतो पाठ फिरवून बसलंय आसतंय ना," काका म्हणाले, "तर जेवली आसती. मी तिका एकदाय जेवताना बघूक नाय."

पहिल्या आठवड्यातलं ते स्टूल मला आठवलं. मी रागारागात संपवलेलं ताट आठवलं. मला रडू आलं, आणि त्याच वेळी भूकही लागली, खरंच सांगते, कडकडून. मी ताट पुढं ओढलं.

"काका, इकडं तोंड करून बसा."

"नको गो."

"बसा म्हणते ना. मी आता नवी नाही. मी जेवते, तुम्ही बघा."

ते हळूच वळले. तीन महिन्यांत मी तो चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. डोळे भरलेले, आणि कुठं बघावं ते कळत नसलेले. मी भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला, तोंडात घातला. आयुष्यात इतकी सावकाश भाकरी मी दुसरी खाल्ली नाही.